३० वॅटचा जुना अ‍ॅम्प, नवे स्पीकर: डग्गा घुमतो, जवारी टोचते. अ‍ॅम्प बदलू का?

खर्जातला_सा (शनिवार, रात्री ११:१०)

मंडळी, यंदा पाडव्याला स्वतःच स्वतःला ओवाळणी घातली आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी घरी आणली. साडेपाच इंची वूफर, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ६ ओहम. अ‍ॅम्प मात्र बाबांचाच, नव्वदच्या सुमारास काकांनी दुबईहून आणलेला जपानी. ८ ओहमला दर चॅनल ३० वॅट असं माहितीपत्रकात छापलंय. (ते माहितीपत्रक बाबांनी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय.) गाणी मोबाइलवरून, मध्ये एक छोटा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा).

खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन टोकांच्या कप्प्यांत, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला.

तक्रार अशी की तबला लागला की डग्ग्याचा एक ठरावीक स्वर पिंपात बोलल्यासारखा घुमतो, बाकीचे नाही. आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, कानात टोचते. दुकानात हेच स्पीकर असे वाजत नव्हते. गंमत म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर अगदी हळू लावलं की छान वाटतं.

दुकानदार म्हणतो, "स्पीकर ब्राइट आहेत (वरचे स्वर जास्त), त्यांना वॉर्म (मऊ आवाजाचा) अ‍ॅम्प लागतो, जोडी जमली नाही." त्याच्याकडचा वॉर्म अ‍ॅम्प ६५ हजारांचा आहे. जोडी जमवायची म्हणजे नक्की काय जमवायचं असतं? पत्रिका कुठे बघतात?

चहाटळ (रात्री ११:२४)

२८ गुण जुळले तरी एकनाड निघते. ६५ हजारांत शांत करून मिळेल.

ओहम्_शांती (रविवार, सकाळी ७:४०)

पत्रिका अ‍ॅम्पच्या पाठीवर असते. स्पीकरच्या वायरी लावतात तिथे बारीक अक्षरांत "४ ते १६ ओहम" किंवा "६ ते १६" असं काहीतरी छापलेलं असेल, ते आधी बघा.

आता थोडं सविस्तर. स्पीकरवर लिहिलेले ६ ओहम ही ढोबळ ओळख. प्रत्यक्षात स्वर बदलला की इम्पिडन्स बदलतो. खर्जात एखाद्या जागी ३० ओहमपर्यंत चढेल, मधल्या पट्टीत ५ वर येईल. नियम असा आहे की लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो कुठेही जाऊ नये, म्हणजे तुमच्या बाबतीत ४.८. सगळे बनवणारे हा नियम पाळतातच असं नाही. ओहम उतरले की अ‍ॅम्पला जास्त करंट द्यावा लागतो, तो तापतो, आणि बिचाऱ्याचा ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर दम लागतो.

मग पॉवर. तुमचे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देतात. तुम्ही साधारण अडीच मीटरवर बसता. अंतरापायी ८ डेसिबल गेले, दोन स्पीकर म्हणून ३ परत आले, राहिले ८१. खोलीच्या भिंती थोडे अजून परत करतात, ते सोडून देऊ. घरात निवांत ऐकताना सरासरी ७५ डेसिबल म्हणजे भरपूर. त्याला लागतो पाव वॅट. हो, पाव! पण तबल्याची थाप सरासरीच्या वर २० डेसिबल उडी मारू शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट पॉवर. पाव गुणिले शंभर, २५ वॅट. तुमचे ३० काठावर पास आहेत. जोरात लावलंत तर थापेच्या क्षणी लाटेचे माथे कापले जातील, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि ते कर्कशच ऐकू येतं.

पण तुमची तक्रार एकाच स्वराची आहे. अ‍ॅम्प कमी पडला तर तो एकच स्वर निवडून घुमवत नाही.

बिंदुमाधव (सकाळी ८:१५)

वरच्या हिशोबात एक खोच. ८६ हा आकडा १ वॅटचा की २.८३ व्होल्टचा, ते बघावं. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की २ वॅट जातात आणि कागदावर ३ डेसिबल फुकट वाढतात. ६ ओहमला सव्वाएक डेसिबलचा फरक पडेल.

चहाटळ (सकाळी ८:२०)

सव्वा डेसिबल! देवाला नारळ फोडायचा की पेढे?

लॅमिंग्टनची_वारी (सकाळी १०:०५)

वॅटवरून आठवलं. आमच्या कॉलेजच्या काळात चाळीतल्या प्रत्येक घरात एक डबा असायचा, त्यावर सोनेरी स्टिकर, "१००० वॅट पीएमपीओ" (म्हणे क्षणभराची कमाल पॉवर). मागे वायर जाते ती १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरला! तो अ‍ॅडाप्टर सगळा मिळून २० वॅट देईना, मग हजार आले कुठून? पण हजार वॅट ऐकायला शेजारची पोरं जमायची हे खरं.

आम्ही मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या आणायचो, हीटसिंक भंगारातून, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचो. पुढे एसटीकेचे तयार मोड्यूल आले आणि सगळं सोपं झालं. माझा पहिला अ‍ॅम्प चालू केला तेव्हा आवाजाआधी धूर आला. दुसऱ्याला आवाज आला, पण सोबत घुंईईई. अर्थिंगचा घोळ, पुढे कळलं.

आज फसवणूक जरा सुशिक्षित झालीय एवढंच. सराउंड रिसीव्हरच्या खोक्यावर "दर चॅनल १५० वॅट, सात चॅनल", आणि खाली बारीक अक्षरांत एकच चॅनल चालू, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज बिघडणं). सोपी युक्ती सांगतो: मागच्या पाटीवर वीज किती खातो ते वाचा. ४०० वॅट खाणारा १०५० वॅट देत असेल तर तो अ‍ॅम्प नाही, अक्षयपात्र आहे. खर्जातला सा, तुमचा जुना जपानी ३० म्हणतोय ना, तो खरे ३० देतो. जपून ठेवा.

जास्वंद (सकाळी ११:३०)

इम्पिडन्सचा मार मी खाल्लाय. अ‍ॅम्पवर स्पीकर ए आणि स्पीकर बी अशी दोन बटणं होती. हॉलमधली जोडी ए ला, आणि स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून दुसरी बी ला लावली. दोन्ही ६ ओहम. दोन्ही बटणं दाबली की पंधरा मिनिटांनी टक् असा आवाज यायचा आणि सगळं बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू. मला वाटलं घरातली वीज. वायरमन आला, फ्यूज बदलून दीडशे रुपये घेऊन गेला. मग एका ओळखीच्या मुलाने सांगितलं, दोन्ही जोड्या समांतर लागल्यात, ६ आणि ६ चे ३ ओहम झाले, अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) पाडतोय. पाठीवर चक्क लिहिलं होतं, "ए किंवा बी: ४ ओहमपासून, ए आणि बी: ८ ओहमपासून". कोण वाचतं!

आता स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर. विविधभारतीला तेवढं पुरतं.

रसिकमोहन (दुपारी २:००)

धागा वाचून वाईट वाटलं. गाणं ऐकायचंय की लाइट बिल तपासायचंय? माझ्याकडे व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) सिंगल एंडेड अ‍ॅम्प आहे, नळी ३००बी, मोजून ८ वॅट. स्पीकर ९५ डेसिबलचे. त्याआधी १०० वॅटचा ट्रान्झिस्टरवाला होता. मोजमापात तो सरस. पण व्हॉल्व्हवर गाणाऱ्या बाईंचा आवाज समोर बसून गायल्यासारखा येतो, श्वास ऐकू येतो. हा फरक माझ्या आईलाही कळला, तिला ओहम म्हणजे काय ते ठाऊक नाही. दुकानदार विकायला बसलाय हे मान्य, पण अ‍ॅम्पला स्वभाव असतो हे तो खोटं सांगत नाहीये.

ओहम्_शांती (दुपारी ३:१०)

रसिकमोहन, तुमच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे, फक्त कारण वेगळं देतो.

अशा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मोठा असतो, समजा २ ओहम. स्पीकर एका स्वराला ३० ओहम आणि दुसऱ्याला ६ ओहम. मग ३० वाल्या स्वराला अ‍ॅम्पचा जवळजवळ सगळा व्होल्टेज मिळतो, ६ वाल्याला पाऊणच. फरक निघतो जवळजवळ २ डेसिबल, तो कोणालाही ऐकू येतो, आईंना नक्कीच. चांगल्या ट्रान्झिस्टरचा आउटपुट इम्पिडन्स ०.०५ ओहमच्या घरात, तिथे हाच फरक ०.०६ डेसिबल. म्हणजे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प तुमच्या स्पीकरला जणू इक्वलायझर लावून देतो, आणि तो इक्वलायझर तुमच्या स्पीकरवर गोड लागला. दुसऱ्या स्पीकरवर हाच अ‍ॅम्प ढ वाजू शकतो. तेव्हा जोडी जमते हे खरंच, पण ६५ हजारांचा तो वॉर्म अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा असेल, आणि तिथे हा खेळ नाही.

क्वाड या इंग्लिश कंपनीने १९७८ साली आपलेच तीन अ‍ॅम्प कान पारखलेल्या लोकांना कोणता वाजतोय ते न सांगता ऐकवले. एक जुना व्हॉल्व्हचा, दोन ट्रान्झिस्टरचे. आवाजाची पातळी नीट जुळवलेली, आणि कोणताही अ‍ॅम्प दमेल इतका जोरात नाही. ओळखता आले नाहीत.

रसिकमोहन (दुपारी ३:४५)

इक्वलायझर म्हणा, स्वभाव म्हणा. पुरणपोळीला कार्बोहायड्रेट म्हटलं म्हणून चव बदलत नाही.

ओहम्_शांती (दुपारी ३:५०)

नाही बदलत. पण पुरणपोळी चांगली झाली म्हणून तव्याला ६५ हजार देऊ नयेत.

चहाटळ (दुपारी ३:५२)

🍿 सरका जरा, मलाही बसू द्या.

मिरजेची_तार (संध्याकाळी ६:३०)

जवारीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तंबोरे बनवत नाहीत, पण गल्लीत बनवतात, लहानपण त्यातच गेलं. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासलेला असतो आणि तार त्यावर हलकेच घासत कंप पावते, वर तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरायची. त्यातून जे असंख्य वरचे स्वर उमलतात ती जवारी. म्हणजे मूळ वाद्यातच वरच्या पट्टीत खच्चून माल भरलेला आहे. स्पीकरने, खोलीने किंवा आणि कशाने वरची पट्टी थोडी जरी उचलली तर पहिली टोचणार ती जवारीच.

आणखी एक. आजकाल बऱ्याच ध्वनिमुद्रणांत तानपुरा इलेक्ट्रॉनिक असतो, त्याची जवारी एकसुरी आणि धारदार. तुम्ही कशावर तपासताय? खरा तंबोरा असलेलं जुनं मैफिलीचं मुद्रण लावून बघा भावा. तरी टोचलं तर मग यंत्रात शोधा.

खर्जातला_सा (संध्याकाळी ७:१५)

जुन्या मैफिलीवर पण टोचतंय. कमी, पण टोचतंय.

रत्नांग्रीकर (रात्री ८:४०)

जोडी जमवण्याआधी अ‍ॅम्प उघडून बघा. माझ्या अ‍ॅम्पचा डावा चॅनल एकदा खरखरायला लागला. स्पीकर बदलले, वायर बदलली, शेवटी झाकण काढलं तर आत पाल. बरीच जुनी, वाळलेली, पाय थेट आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पायांवर. शुभकार्यात पाल चुकचुकते म्हणतात, ही तर सप्लायवरच चुकचुकली होती. पावसाळ्यात आत ऊब असते म्हणून शिरतात. तेव्हापासून मागच्या फटींना नायलॉनची बारीक जाळी लावलीय, हवा जाईल इतकी.

शिवाय कोकणात, मुंबईतही, जुन्या वूफरच्या कडेचा फोम दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. रबरी कड टिकते. कोणी जुने स्पीकर घेणार असेल तर बोटाने हलकेच दाबून बघा.

मोरया_९८ (रात्री ९:१०)

जाणकारांना एक प्रश्न. आमच्या मंडळाचा मोठा अ‍ॅम्प वर्षभर कार्यकर्त्याच्या घरी पडून असतो. त्याला घरचे स्पीकर लावले तर चालेल का? मागे "१०० व्होल्ट" असं लिहिलंय.

ओहम्_शांती (रात्री ९:२५)

मोरया, थांबा! १०० व्होल्टच्या खिट्टीला घरचा स्पीकर लावू नका. ती लाइन लांबवरच्या कर्ण्यांसाठी असते. व्होल्टेज चढवून पाठवायचं म्हणजे करंट कमी लागतो आणि शंभर मीटर वायरीत पॉवर जळत नाही. प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर ते परत उतरवतो. घरच्या स्पीकरला तो ट्रान्सफॉर्मर नसतो, थेट लावलात तर कॉइल गेली. त्याच अ‍ॅम्पवर ४ किंवा ८ ओहमची वेगळी खिट्टी असेल तर तिथे चालेल, पण त्या अ‍ॅम्पचा पंखा तुम्हाला गाण्याहून जास्त ऐकू येईल.

जास्वंद (रात्री ९:४०)

आणि रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसा ५५ ची, हे मंडळाला घरी बसूनही लागू. 😄

फक्त_वाचक (रात्री ११:५५)

नऊ वर्षं इथे नुसतं वाचतोय, पहिला प्रतिसाद. सगळ्यांनी स्पीकर, अ‍ॅम्प, पाल, मंडळ पाहिलं. मूळ लेखातल्या एका वाक्याकडे कोणी बघितलं नाही: "रात्री अगदी हळू लावलं की छान वाटतं."

खर्जातला सा, तुमच्या अ‍ॅम्पवर "लाउडनेस" नावाचं बटण आहे का? आणि ते दाबलेलं आहे का?

कारण सांगतो. आवाज लहान असला की आपला कान खर्ज बराच कमी ऐकतो, वरची टोकंही थोडी कमी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून आलेख काढले. त्या काळच्या जपानी अ‍ॅम्पवर त्याची भरपाई करणारं हे बटण असायचं, हळू आवाजात खर्ज आणि तार दोन्ही उचलायचं. पण बिचाऱ्याला आवाज किती आहे ते कळत नाही, त्याला फक्त व्हॉल्यूमचा फिरता खटका कुठे आहे ते कळतं. खटका खाली, तर उचल जास्त. तो वर नेला की उचल कमी होत जाते.

आता गोम इथे आहे. तो अ‍ॅम्प बनला तेव्हा कॅसेट डेकसारख्या स्रोतातून त्याला कमी व्होल्टेज मिळायचा. तुमचा डॅक बहुधा २ व्होल्ट देत असेल. म्हणजे खटका घड्याळाच्या काट्यासारखा जेमतेम ८ च्या जागी आहे आणि खोली दणाणतेय. अ‍ॅम्पला वाटतं, हळू चाललंय. तो खर्ज आणि तार पूर्ण उचलून धरतो. डग्गा घुमतो, जवारी टोचते. आणि रात्री खरंच हळू असतं तेव्हा तीच उचल बरोबर बसते.

ओहम्_शांती (सोमवार, सकाळी ६:५०)

दंडवत घ्या. मी पाव वॅट मोजत बसलो.

फक्त_वाचक (सकाळी ७:१०)

तुमचा हिशोब बरोबरच आहे. तेवढ्याने सगळं सुटणार नाही. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट अडकते, लांबी-रुंदी सारखी म्हणून दोनदा अडकते, उंची साडेनऊ म्हणजे तिसऱ्यांदा जवळपास तिथेच. हा खोलीचा स्वतःचा सूर आहे. पुढची पायरी ११२ ची, आणि डग्ग्याची गमक या दोन्हींच्या मधून फिरते. भिंतीला टेकून बसलं की घुमार सर्वांत जास्त. सोफा दोन फूट पुढे, स्पीकर कप्प्याबाहेर स्टँडवर. स्पीकरच्या मागे भोक असेल तर त्यात स्वच्छ मोजा कोंबून बघा.

चहाटळ (सकाळी ७:३०)

"स्वच्छ" हा शब्द ठळक करावा.

खर्जातला_सा (बुधवार, रात्री १०:२०)

उशिराबद्दल माफी, सोफा सरकवायला दोन दिवस वाटाघाटी लागल्या.

बटण होतं. दाबलेलं होतं! पितळी पट्टीवर इतकं झिजलंय की नाव वाचताच येत नव्हतं, टॉर्च मारून वाचलं. सोडलं आणि जवारी लगेच निवळली, पहिल्याच मिनिटात. डग्ग्याचा घुमार निम्मा राहिला. मग स्पीकर कप्प्यातून काढून तात्पुरते दोन स्टुलांवर ठेवले, सोफा दीड फूट पुढे (दोनला परवानगी नाही). मोज्याने अजून थोडा फरक पडला, पण आवाज जरा कोरडा झाला म्हणून काढला. आता एक स्वर अजून किंचित फुगतो, पण पिंप नाही, घागर म्हणू.

पाटीवर ४ ते १६ ओहम लिहिलंय. फार जोरात लावलं तर थाप फाटते, तेही खरं. कधीतरी ६० वॅटचा घेईन, घाई नाही. दुकानदाराला कळवलं, तो म्हणाला, स्टँड पण आहेत आमच्याकडे, १४ हजार.

लॅमिंग्टनची_वारी (रात्री १०:३५)

सुताराकडून करून घ्या, दोन हजारांत. आत वाळू भरा.

खर्जातला_सा (गुरुवार, रात्री ९:०५)

पुढचा भाग. आज ऑफिसमधून आलो तर डग्गा पुन्हा पिंपात. बाबा खुर्चीत डोळे मिटून. विचारलं तर म्हणाले, "कोणीतरी बटण काढून ठेवलं होतं. आवाज मेला होता अगदी. तीस वर्षं दाबलेलंच आहे ते."

मोरया_९८ (रात्री ९:३०)

मंडळाच्या अ‍ॅम्पवर ८ ओहमची खिट्टी सापडली. पंखा खरंच जोरात आहे. जास्वंद ताई, ही सुताची जाळी की नायलॉनची, पाल शिरू नये म्हणून?

जास्वंद (रात्री ९:४१)

मी ट्रान्झिस्टरवाली. पाल रत्नांग्रीकरांची.